नागपूरचे जुने वाडे

नागपूरला तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. कोणी लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला जातो. कोणी भांडी घ्यायला जातो. कोणी दवाखान्याच्या कामाला, तर कोणी कोर्टाच्या तारखेला. इतवारीतल्या गर्दीतून आपण चालतो. नजर असते ती दुकानांवर आणि खिशातल्या पैशांवर. वर पाहायला सवड कुणाला?

पुढच्या वेळी जाल तेव्हा एकदा वर पाहा. खाली दुकानाची नवी पाटी असते. तिच्या वरच्या मजल्यावर मात्र लाकडी सज्जा दिसतो. कोरलेले खांब दिसतात. कुठे कवेलूचे छप्पर असते, त्यावर पिंपळाचे रोप उगवलेले असते. ते जुने घर असते. कुणाच्या तरी पणजोबाने ते बांधलेले असते.

अशी घरे आता झपाट्याने कमी होत आहेत. काही पाडली जातात. काही आपोआप पडतात. ही घरे कशी बांधली होती, ती का पडतात, आणि त्यांची सरकारी यादी म्हणजे काय, हे आपण या पाठात पाहू. ही गोष्ट शहराची आहे खरी. पण तुमच्या गावातही एखादा जुना वाडा असेलच. तेव्हा ही गोष्ट तुमचीही आहे, बरं का.

बारा गावांचे एक शहर

नागपुरातल्या वस्त्यांची नावे ऐका. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. ही वारांची नावे कशी पडली? तुमच्या गावी जसा आठवड्याचा बाजार भरतो, तसेच हे बाजार. ज्या वारी जिथे बाजार भरे, त्या वाराचे नाव त्या जागेला पडले. बाजारामुळे दुकाने आली. दुकानांमुळे घरे आली. घरांची वस्ती झाली. नाव मात्र बाजाराचेच राहिले.

हे शहर वसवले गोंड राजाने. देवगडचा राजा बख्त बुलंद याने १७०२ साली नाग नदीच्या काठची बारा लहान गावे एकत्र करून नागपूर वसवले, असे सांगतात. त्याचा मुलगा चांद सुलतान. त्याने आपली राजधानी नागपूरला आणली. शहराभोवती कोट बांधला. पाण्यासाठी जुम्मा तलाव केला. जुम्मा म्हणजे शुक्रवार. म्हणून त्याला शुक्रवारी तलावही म्हणतात. आज त्याचे नाव गांधीसागर आहे. त्या कोटाचा जुम्मा दरवाजा अजून महालात उभा आहे. त्याला आता गांधी दरवाजा म्हणतात.

पुढे १७४३ च्या सुमारास रघूजी भोसले यांनी नागपूर आपल्या हाती घेतले. भोसल्यांचा राजवाडा जिथे होता, त्या भागाला लोक महाल म्हणू लागले. राजा आला की त्याच्यामागे कारभारी येतात. कारकून येतात. सावकार, सोनार, सुतार, विणकर येतात. त्या सगळ्यांना राहायला घर लागते. महालात आणि इतवारीत वाडे उठले ते असे.

महालात चिटणीसांचा वाडा आहे. चिटणीस म्हणजे दरबाराची पत्रे लिहिणारा कारभारी. घराण्याचे नाव त्या कामावरूनच पडले. थोरल्या भोसल्यांचा वाडाही महालातच आहे. पितृपक्षात तिथे गणपती बसतो. लोक त्याला हडपक्या गणपती म्हणतात. सगळीकडचे गणपती पाण्यात गेल्यावर हा बसतो, म्हणून लोक तो मुद्दाम पाहायला जातात.

पण भोसल्यांचा मूळचा मोठा राजवाडा मात्र आता नाही. तो काळ्या दगडाचा होता. त्यात लाकडी नक्षीकाम भरपूर होते. १८५३ साली तिसरे रघूजी राजे वारले. त्यांना मुलगा नव्हता. इंग्रजांनी १८५४ साली राज्यच खालसा केले. राजवाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. दहा वर्षांनी, १८६४ साली, राजवाड्याला आग लागली. सगळा वाडा जळाला. मोठा दरवाजा तेवढा राहिला.

येवढा मोठा दगडी राजवाडा! पण तोही टिकला नाही. ही गोष्ट मनात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

वाडा कसा बांधत

जुना वाडा वरून भिंतींचा दिसतो. पण त्याचा खरा जीव लाकडात असतो.

आधी दगडाचे उंच जोते करीत. पावसाचे पाणी घरात शिरू नये म्हणून ते उंच. जोत्यावर दगडी तळखडे बसवीत. तळखडा म्हणजे खांबाखालचा घडीव दगड. त्यावर सागवानी खांब उभा करीत. खांब मातीत कधीच पुरत नसत. मातीत लाकूड कुजते, हे त्या सुतारांना पक्के ठाऊक होते. खांबावर आडवी तुळई टाकीत. तुळईवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. असा लाकडाचा सांगाडा उभा राहिला की मग मधल्या जागा विटांनी भरीत.

विटा लहान आणि पातळ असत. त्या जोडायला चुना वापरीत. चुना घाणीत दळीत. दगडी चाक, गोल चर आणि चाक ओढणारा बैल, अशी ती घाणी असे. चुन्यात वाळू घालीत. कुठे गुळाचे पाणी घालीत, कुठे बेलफळाचे पाणी घालीत. असा चुना हळूहळू घट्ट होतो आणि पुष्कळ वर्षे टिकतो.

वाड्यात शिरताना आधी देवडी लागते. तिथे पहारेकरी बसे. मग मोकळा चौक. चौकाच्या चारी बाजूंनी ओसरी. ओसरीमागे खोल्या. मागे आणखी एक चौक, विहीर, न्हाणी आणि स्वयंपाकघर. वर माडी.

हा चौक शोभेसाठी नव्हता. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते. खोल्यांतून वारा खेळतो. उजेड येतो, पण ऊन अंगावर येत नाही. दोन-दोन हात जाड भिंती दिवसभर ऊन अडवून धरतात. पंखा नव्हता, वीज नव्हती, तरी माणसे त्या घरात दुपारची झोप घेत होती. आजच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसून बघा म्हणजे फरक कळेल.

आणि एक सांगायचे राहिले. जुने घर म्हणजे फक्त राजाचे आणि सावकाराचे घर नव्हे. नागपुरात विणकरांच्या मोठ्या वस्त्या आहेत. तिथल्या घरात जमिनीत खड्डा करून हातमाग बसवलेला असे. खड्ड्यात पाय सोडून विणकर बसे आणि लुगडे विणी. पुढची खोली मागाची, मागची खोली संसाराची. असे घरही इतिहासच सांगते. वाड्यात राहणाऱ्यांनी राज्य केले असेल, पण त्यांच्या अंगावरचे कापड या घरात विणले गेले.

जुने घर पडते कसे

लोक म्हणतात, “शंभर वर्षांचं घर, आज ना उद्या पडणारच.” हे खरे नाही. घर वयाने पडत नाही. घर पाण्याने पडते.

सुरुवात अगदी लहान असते. माकड उडी मारते आणि एक कवेलू फुटते. पहिल्या पावसात तिथून थेंब गळतो. घरची बाई खाली पातेले ठेवते. पातेले भरले की ओतते. “पुढच्या उन्हाळ्यात बघू,” असे घरधनी म्हणतो. पुढचा उन्हाळा येतो आणि जातो.

पाणी मात्र थांबत नाही. ते तुळईवरून वाहत भिंतीत शिरते. तुळईचे टोक भिंतीच्या आत असते. तिथे ऊन नाही, वारा नाही. ओले लाकूड तिथे कुजते. ओल्या लाकडाला उधई लागते. बाहेरून तुळई चांगली दिसते, आणि आतून पोकळ होते. मग एका रात्री, भर पावसात, माडी खाली येते.

म्हणजे माडी कशाने पडली? एका फुटक्या कवेलूने.

दुसरा शत्रू म्हणजे पिंपळाचे रोप. पाखराच्या विष्ठेतून बी पडते. भिंतीच्या फटीत ते रुजते. रोप बोटाएवढे असते तेव्हा उपटता येते. पण आपण ते वाढू देतो. मग मूळ जाड होते आणि भिंत फोडते. नुसते वरून कापले तर ते पुन्हा फुटते. लहान असतानाच मुळासकट काढावे आणि फट चुन्याने बुजवावी.

तिसरा शत्रू ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तो म्हणजे सिमेंट. सिमेंट वाईट नाही. नव्या घराला ते चांगलेच आहे. पण जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचे पलस्तर केले की घोटाळा होतो. चुन्याच्या भिंतीत ओल शिरली तरी ती हळूहळू बाहेर पडून सुकते. सिमेंट ही वाट बंद करते. ओल आत कोंडते. आतल्या विटांचा भुगा होऊ लागतो. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून ती खचत जाते. म्हणून जुन्या घराला जुनाच माल लावावा. चुन्याला चुना, मातीला माती.

चौथा शत्रू आग. जुना वाडा म्हणजे सगळे वाळलेले लाकूड. त्यात विजेच्या जुन्या, उघड्या तारा असतील, तर धोका मोठा. राजवाड्याचे काय झाले ते आपण पाहिलेच.

कोणते घर टिकते

आता दुसरे एक घर पाहू. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे. पूर्वी त्या गावाचे नाव शेगाव होते. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. घर गावात मिळणाऱ्या मालाचे आणि गावच्या हातांनी बांधलेले असावे, खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, असे त्यांनी सांगितले होते.

गावच्याच मालाचे घर झाले. मातीच्या भिंती, लाकूड, बांबू आणि कवेलू. तुमच्या-आमच्या गावी असते तसेच. तिथली बापू कुटी आज जगभरची माणसे पाहायला येतात.

काळ्या दगडाचा राजवाडा गेला. मातीची कुटी उभी आहे. असे का? कुटीची देखभाल होते म्हणून. तिच्या भिंती सारवतात. कवेलू फेरतात. कुजलेला बांबू काढून नवा घालतात. तिच्याकडे रोज कुणीतरी पाहते.

यातून एक गोष्ट शिकायची. मजबूत घर टिकतेच असे नाही. सांभाळलेले घर टिकते.

माणसांच्या अडचणी

“हे सांगणं सोपं आहे,” असे तुम्ही म्हणाल. “पण वाडा सांभाळायला पैसा कुठून आणायचा?”

प्रश्न बरोबर आहे. आम्ही वाड्यात राहणाऱ्या माणसांना दोष देत नाही. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत.

पहिली अडचण वाटणीची. पणजोबाचा एक वाडा. त्याचे चार मुलगे. त्यांची बारा मुले. आता हक्कदार तीस. कोणी पुण्याला, कोणी परदेशात. छप्पर गळते ते एकाच्या खोलीत. तो म्हणतो, “छप्पर सगळ्यांचं, मी एकट्यानं खर्च का करावा?” दुसरा म्हणतो, “मी तिथं राहतच नाही, मी का द्यावा?” दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे. पण तोवर पाणी गळतच राहते.

दुसरी अडचण भाड्याची. वाड्यात जुने भाडेकरू असतात. भाडे फार थोडे. मालक म्हणतो, “येवढ्या भाड्यात कवेलूही येत नाही.” भाडेकरू म्हणतो, “घर माझं नाही, मी खर्च कसा करू?” दोघेही छपराकडे पाहत बसतात.

तिसरी अडचण जागेच्या भावाची. बाजारातली जागा सोन्याच्या भावाची. कोणी येतो आणि सांगतो, “वाडा पाडा, इमारत बांधू, सगळ्यांना गाळा देऊ.” तीस हक्कदारांना ते पटते. त्यांनाही लेकरे शिकवायची असतात, लग्ने करायची असतात.

चौथी अडचण सोयीची. जुन्या वाड्यात संडास दूर असतो. जिना अंधारा आणि उभा असतो. म्हाताऱ्या माणसाला तो चढवत नाही. सुनेला चुलीपाशी धूर नको असतो. यात चूक काय?

तर मग काय करावे? वाड्याला हात न लावता तो तसाच्या तसा ठेवावा, असे कुणी सांगत असेल तर ते ऐकू नका. घर माणसासाठी आहे. आत चांगला संडास करावा. वीज नीट घालून घ्यावी. स्वयंपाकघर सोयीचे करावे. हे सगळे वाडा न पाडताही करता येते. फक्त खांब आणि तुळया यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. विचारायचे म्हणजे जाणत्या सुताराला आणि इंजिनिअरला विचारायचे.

यादी म्हणजे काय

जुन्या इमारती वाचाव्यात म्हणून सरकारने यादी करण्याची रीत घातली. आपल्या राज्यात मुंबई शहरासाठी असे नियम १९९५ साली झाले. नागपूरची यादी २००३ साली आली. तिच्यात सुमारे दीडशे जागा आहेत. सरकारी इमारती आहेत, देवळे आहेत, दरवाजे आहेत, खाजगी घरेही आहेत. कस्तुरचंद पार्कचे मैदानसुद्धा यादीत आहे. म्हणजे नुसते घरच नव्हे, मोकळी जागाही वारसा असू शकते. वारसा म्हणजे वाडवडिलांकडून आलेली ठेव.

यादीचे नाव काढले की लोक घाबरतात. “सरकार वाडा घेणार!” अशी आवई उठते. कोणी तर यादीत नाव येण्याआधीच घाईने वाडा पाडून टाकतो. म्हणून नीट समजून घ्या.

यादीत नाव आले तरी घर मालकाचेच राहते. त्याला तिथे राहता येते. घर विकता येते. मुलांच्या नावे करता येते. मात्र घर पाडायचे असेल, किंवा त्याचे रूप बदलायचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी जाणकारांची समिती असते. तिच्यात इमारती जाणणारे, इंजिनिअर आणि इतिहास जाणणारे लोक असतात. समिती पाहणी करून महानगरपालिकेला सल्ला देते.

यादीत तीन वर्ग असतात.

पहिल्या वर्गात फार मोठ्या महत्त्वाच्या इमारती. त्यांच्यात बदल जवळजवळ करू देत नाहीत. दुरुस्ती तेवढी करायची.

दुसऱ्या वर्गात त्या शहराच्या किंवा त्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाच्या इमारती. त्यांच्यात आतून गरजेचे बदल विचार करून करू देतात. बाहेरचे रूप राखायचे.

तिसऱ्या वर्गात रस्त्याची, मोहल्ल्याची शोभा वाढवणाऱ्या इमारती. त्यांच्यात जास्त मोकळीक असते. पण शेजारच्या जुन्या घरांना विजोड दिसेल असे काही करू नये, ही अपेक्षा असते.

मालकाचे नुकसान होते त्याचे काय? नियमात त्याचाही विचार आहे. समजा, मालकाला आपल्या जागेवर चार मजले चढवता आले असते. यादीमुळे ते चढवता येत नाहीत. तर ते न चढवलेले मजले दुसऱ्या जागी बांधण्याचा हक्क त्याला मिळू शकतो. तो हक्क विकताही येतो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि कागद पुरे असावे लागतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यादी कवेलू फेरून देत नाही. यादीत नाव असलेली घरेही गळतात आणि पडतात. यादी म्हणजे शेताला घातलेले कुंपण. कुंपणाने जनावर आत येत नाही. पण पीक आपल्यालाच काढावे लागते.

यादीपेक्षा वेगळा असा पुरातत्त्वाचा कायदाही आहे. फार जुन्या, देशाच्या दृष्टीने मोठ्या वास्तूंसाठी १९५८ साली केंद्राने कायदा केला. तशा वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. तुमचे शेत किंवा घर एखाद्या जुन्या किल्ल्याजवळ, लेण्याजवळ किंवा देवळाजवळ असेल, तर बांधकामाआधी ही चौकशी जरूर करा.

घराला नवे काम द्यावे

रिकामे घर लवकर पडते. ज्या घरात माणूस वावरतो, त्या घरातली गळती लगेच दिसते. म्हणून जुन्या घराला काम द्यावे. पूर्वीचे काम संपले तर नवे द्यावे.

याचे एक उदाहरण तुम्ही सगळे जाणता, पण ते घर आहे हे तुमच्या ध्यानात आले नसेल. नागपूरचे श्रीमंत गोपाळराव बुटी हे साईबाबांचे भक्त. त्यांनी शिर्डीत एक दगडी वाडा बांधायला घेतला. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, साईबाबांनी देह ठेवला. त्यांची समाधी त्याच वाड्यात केली. आज लाखो लोक ज्या समाधी मंदिरात जातात, तो मूळचा नागपूरकर बुटींचा वाडा!

सगळ्या वाड्यांचे मंदिर होणार नाही, आणि व्हायलाही नको. पण वाड्याची शाळा होऊ शकते. वाचनालय होऊ शकते. बचत गटाचे केंद्र होऊ शकते. लग्नकार्याला चौक देता येतो. खाली दुकान, वर बिऱ्हाड, ही तर बाजारातली जुनीच रीत आहे. घराने चार पैसे कमावले, तर त्याच्या कवेलूचा खर्च ते स्वतःच भागवील.

गेलेले शहर पुन्हा उभे राहिले

जगात एका शहराने काय केले ते ऐका. युरोपात पोलंड नावाचा देश आहे. वॉर्सा ही त्याची राजधानी. तिथे जुना बाजार चौक होता आणि भोवती जुनी घरे होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जर्मन फौजांनी ते शहर ठरवून उद्ध्वस्त केले. जुन्या भागातली दर शंभरातली ऐंशीहून अधिक घरे मातीत गेली.

युद्ध संपले. लोक परत आले. त्यांनी जुना बाजार चौक होता तसा पुन्हा बांधायचे ठरवले. पण होता तसा म्हणजे कसा? घरे तर उरली नव्हती. तेव्हा कामी आले कागद. युद्धाआधी विद्यार्थ्यांनी घरांची मापे घेऊन नकाशे काढले होते. जुनी चित्रे होती. त्यांवरून लोकांनी घरे पुन्हा उभी केली. १९८० साली जगाच्या वारशाच्या यादीत त्या जागेचे नाव लागले.

घर वाचवता आले तर उत्तमच. पण नाहीच वाचवता आले, तर त्याची नोंद तरी वाचवावी. आज प्रत्येक घरात मोबाईल आहे. वाडा पाडण्याआधी चारी बाजूंनी त्याचे फोटो काढा. खांबाचे, दरवाजाचे, चौकाचे काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, “हे कुणी बांधलं? सुतार कोण होता? लाकूड कुठून आणलं?” ते लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. त्या लिहिण्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

तुमच्या गावात काय कराल

तुमच्या गावात वाडा असेल. वेस असेल. जुनी विहीर असेल. पंचायतीजवळ पडकी धर्मशाळा असेल. कोणाचे तरी साधे मातीचे पण शंभर वर्षांचे घर असेल. त्यासाठी येवढे करा.

मृग लागण्याआधी छपरावर चढून पाहा. फुटकी कवेलू बदला. पन्हाळीतला पालापाचोळा काढा. पाणी जोत्यापासून दूर जाईल असा उतार करा.

तुळईवर आणि खांबावर हाताने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर लाकूड चांगले. पोकळ आवाज आला तर सुताराला बोलवा. उधईचे मातीचे वारूळ किंवा नळी दिसली तर वेळ लावू नका.

भिंतीला भेग असेल, तर तिच्यावर आडवा पलस्तराचा लहान पट्टा ओढा. त्यावर तारीख लिहा. काही महिन्यांनी पाहा. पट्टा तसाच असेल तर भेग जुनी आहे. पट्टा तुटला असेल तर भेग वाढते आहे. मग इंजिनिअरला दाखवा.

विजेच्या जुन्या तारा बदलून घ्या.

हक्कदार पुष्कळ असतील, तर सगळ्यांनी बसून एक कागद करा. दर वर्षी प्रत्येकाने दुरुस्तीसाठी किती द्यायचे ते त्यावर लिहा. सह्या करा. पैसे बँकेत एका खात्यात ठेवा. तोंडी ठरलेले पावसाळा आला की विसरले जाते. कागदावरचे विसरता येत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. भिंत फुगली असेल, दार एकाएकी अडकू लागले असेल, छपरातून माती झडत असेल, तर त्या घरात झोपू नका. पावसाळ्यात तर मुळीच नको. नगरपालिकेने किंवा पंचायतीने धोक्याची नोटीस दिली, तर ती फाडून टाकू नका. आधी माणसे आणि जनावरे बाहेर काढा. मग घराचा विचार करा. वाडा मोठा खरा, पण लेकराच्या जिवापेक्षा मोठा नाही.

आपल्याकडे म्हणतात, घर पाहावे बांधून. बांधणे कठीण असते म्हणून तसे म्हणतात. आम्ही म्हणतो, घर पाहावे सांभाळून. बांधणारा एकदाच खपतो. सांभाळणाऱ्याला दर उन्हाळ्यात खपावे लागते. नागपूरच्या महालात आणि इतवारीत जे वाडे आज उभे आहेत, त्यांच्या छपरावर दर वर्षी कुणीतरी चढले आहे. त्याचे नाव कुठल्या यादीत नाही. पण वाडा उभा आहे तो त्याच्यामुळे.

विचार करा आणि सांगा

१. नागपुरातल्या वस्त्यांना वारांची नावे का पडली?
२. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचे पलस्तर केले तर काय होते?
३. यादीत नाव आल्यावर घर कुणाचे राहते? कोणत्या कामाला परवानगी लागते?
४. तुमच्या गावातले सर्वांत जुने घर कोणते? ते कुणी बांधले? विचारून दहा ओळी लिहा.